एकट्याने घालायची घडी

७ जानेवारी

आज माझा एक शब्द कंपनीत कायम झाला. मी अजून झालेलो नाही.

आम्ही जो खेळ करतो आहोत त्यात खेळणारा लपतछपत जातो, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवतो, आणि मधूनमधून खेळ थांबून कथेतला प्रसंग सिनेमासारखा समोर दिसतो. त्या वेळी कंट्रोलरची बटणं दाबून काही होत नाही, नुसतं बघायचं. ह्याला सगळे कटसीन म्हणत. मी नोकरीला लागलो तेव्हा मला एकदा खेळायला बसवलं होतं. असा प्रसंग सुरू झाला, बटणं चालेनाशी झाली, तसा मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घालून बसलो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी वर्गात आले की एकच हुकूम असायचा, हाताची घडी, तोंडावर बोट. अंगवळणी पडलेलं जात नाही. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून मी मास्तर झालो आणि कटसीनची घडी झाली. "दुसऱ्या भागात घड्या किती?" "ही घडी फार लांबली." आज मालकांनीसुद्धा बैठकीत घडी म्हटलं आणि फळ्यावर तसंच लिहिलं.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "एवढी वर्षं रेडिओवर नाटकं लिहिलीत. एक शब्द तरी टिकला म्हणायचा."

१२ जानेवारी

निरोपाची घडी लिहून पुरी केली. खेळाचा शेवट तो.

आमचा नायक धोबी आहे. किल्ल्यातल्या तुरुंगात त्याची थोरली बहीण अडकली आहे. पहारेकऱ्यांच्या कपड्यांच्या गाठोड्यांबरोबर हा आत शिरतो आणि एकेक दालन ओलांडत तिच्या कोठडीपर्यंत पोचतो. पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिला उठवत नाही. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून ती जाते आणि त्याला एकट्याने परत फिरावं लागतं.

जाण्यापूर्वी बहीण बोलते. लहानपण, आईचं जाणं, धाकट्यावरचा जीव, सगळं. नऊ मिनिटं होतात. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अहंकार नको, पण देवाने हात धरून लिहवून घेतल्यासारखं वाटलं.

कागद कात्रीला दिले. ही आमची मुख्य रचनाकार, वय तिशीचं. काय ठेवायचं आणि काय उडवायचं ते तिच्या हाती, म्हणून कात्री. तिच्या टेबलावरच्या पाटीवरही तेच लिहिलेलं आहे. तिने कागद तळहातावर वजन केल्यासारखे धरले.

"मास्तर, जड आहे."

मी कौतुक समजलो. संध्याकाळपर्यंत समजत राहिलो.

१९ जानेवारी

सकाळी मी देवापुढे बसतो तेव्हा बाथरूममधला नळ धो धो चालू असतो. बरेच दिवस चाललंय हे. ही आत असते, बादली भरून वाहते तरी नळ चालूच. मन लागत नाही. आज डोळे मिटलेले असतानाच ओरडलो, "अगं, नळ बंद कर! पाणी काय फुकट येतं?" ऐकू गेलं नाही. उठून दारापाशी जाऊन पुन्हा ओरडावं लागलं. थोड्या वेळाने तोंड पुसत बाहेर आली. "विसरले," म्हणाली. विसरण्यातली ती नव्हे. वय होतंय दोघांचं. देवापुढून उठून ओरडलो ह्याचं मात्र मला वाईट वाटलं.

पण दारापाशीच मला ते सुचलं. वाहत्या पाण्याखाली दुसरा कुठलाही आवाज दडतो. आमच्या धोब्याची पावलं वाजतात म्हणून पहारेकरी वळतात ना? मग त्याने आधी नळ सोडावा! धोबीच तो, धुण्याच्या जागा त्याला ठाऊक. पाणी वाहतंय तोवर पाठीमागून खुशाल जावं.

कात्रीला सांगितलं तर ती खुर्चीवरून उठली.

"मास्तर, कुठून काढलंत हे?"

"घरून आणलं," मी म्हणालो.

३१ जानेवारी

नळ खेळात बसवून झाला. सगळ्यांना आवडला. कात्रीने त्यावर आणखी एक मजला चढवला. आता काही कैदीही नळ सोडून त्याच्या आड कुजबुजतात. धोब्याला लांबून पाण्याचा आवाज आला तर तिकडे जावं, काहीतरी हाती लागतं. ती म्हणाली, "पाच-सहा वेळा झालं की खेळणाऱ्याला सांगावं लागत नाही. नळ ऐकला की त्याला कळतं, इथे कुणीतरी काहीतरी लपवतंय."

घरी रंगवून सांगितलं. ही चादरीची सुरकुती काढत होती, तीच बराच वेळ काढत राहिली. मग म्हणाली, "हुशार आहे हो तुमची कात्री."

३ फेब्रुवारी

नळ बंद झाला. माझं ओरडणं लागू पडलेलं दिसतं. आता ही सकाळी रेडिओ मोठ्याने लावून बाथरूममध्ये जाते. बरं, निदान पाणी तरी वाचलं.

९ फेब्रुवारी

सुट्टी. हिने मला भात करायला लावला. मी म्हटलं, हे काय नवीन खूळ. म्हणे, "तुम्ही तिकडे बटणं दाबता, इकडेही दाबा." स्वतः स्टुलावर बसून राहिली. आजवर हिला बसून स्वयंपाक करताना मी पाहिलेलं नाही. तांदूळ किती, पाणी किती, मी विचारत होतो आणि ही नुसती मान हलवत होती. शेवटी माझं बोट धरून पातेल्यात बुडवलं. तांदळावर पहिलं पेर बुडेल एवढं पाणी. बोट जरा जास्त वेळ धरून ठेवलं. हात थंडगार.

भात गिचका झाला. ती एक घास खाऊन म्हणाली, "चव घेऊनच पोट भरलं. पुढच्या सुट्टीला पुन्हा करा."

१३ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर शिकवणीचा भाग. म्हणजे खेळाचा पहिला भाग, ज्यात खेळणाऱ्याला सगळं शिकवायचं असतं. मी पहारेकऱ्याच्या तोंडी छान सूचना लिहून नेल्या होत्या. कात्रीने सगळ्या काढल्या. "शिकवतोय असं कळता कामा नये, मास्तर. सोपी खोली द्या, चुकू द्या, पुन्हा करू द्या. सांगितलेलं विसरतं माणूस. हाताने केलेलं राहतं. पुढे अंधारात एकटा पडला की हातच आठवतात."

मला हे पटलं. माझ्या सूचना गेल्या ह्याचं वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होतो. वाटलं.

१७ फेब्रुवारी

आज बाहेरची माणसं बोलावून शेवटचा भाग खेळायला दिला. आम्ही काचेमागून बघत होतो. कोठडीपर्यंत सगळे जीव मुठीत धरून आले. निरोपाची घडी सुरू झाली. एक बाई दुसऱ्या मिनिटाला मोबाइल काढून बसल्या. एकाने विचारलं, "हे पुढे ढकलायचं बटण कुठलं?" एक जण मात्र शेवटपर्यंत बघत होता. मला हुरूप आला. नंतर कळलं, त्याला डुलकी लागली होती.

बैठकीत कात्री म्हणाली, "घडी काढू या. निरोप खेळायला देऊ."

माझा तोल गेला. "मरण काय खेळायची चीज आहे? मरणापुढे माणसाच्या हातात काही नसतं. तिथे घडीच हवी. बसा आणि बघा!"

"मरणापुढे नसतं, मान्य," ती म्हणाली. "पण मरणाच्या आधी असतं ना? तुमच्या नऊ मिनिटांत तो भाऊ करतोय काय? नुसता ऐकत बसलाय."

"ही घडी गेली तर मीही जाईन," मी म्हणालो. एवढ्या जणांसमोर. मालकांनी एप्रिलअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर एकतर प्रसंग सुधारा, नाहीतर काढा. ह्या वयात दुसरं काम कोण देणार मला? पण शब्द तोंडातून गेला.

२१ फेब्रुवारी

निरोपाची घडी आज हिला वाचून दाखवली. माझं सगळं लिखाण पहिल्यांदा हीच ऐकत आली आहे. पलंगावर उशीला टेकून, पांघरूण गळ्यापर्यंत घेऊन ऐकत होती. उकडत होतं तरी. बहिणीचं बोलणं मी आवाज बदलून वाचलं, रेडिओवर वाचायचो तसं. संपल्यावर बघितलं तर ही छताकडे बघत होती.

"कसं वाटलं?"

"फार बोलते हो ती."

"मरतेय ती!"

"म्हणूनच म्हणते. मरताना माणूस एवढं बोलत नाही. पाणी मागेल. उशी सरकवायला सांगेल."

"तुला गं काय माहीत?"

ती हसली. मग म्हणाली, "आणि तो भाऊ नुसता बसून का आहे? त्याला म्हणावं, पाय चेप तिचे. गार पडले असतील."

सगळ्या एकाच माळेचे मणी. मी कागद गुंडाळले आणि तिच्याशी जेवेपर्यंत बोललो नाही. पाय मात्र चेपले, कारण तिने ते पांघरुणातून बाहेर काढून ठेवले होते. बर्फासारखे होते.

१ मार्च

भात जमला. मोकळा. ही एवढी खूश झाली की मलाच लाज वाटली.

दुपारी नवं खूळ. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालायला शिकवली. लग्न झाल्यापासून चादर आम्ही दोघं मिळून घडी करतो, ती दोन टोकं, मी दोन, आणि मधे भेटतो. मी म्हटलं, "दोघं आहोत ना घरात? एकट्याने कशाला?" म्हणाली, "मी बहिणीकडे राहायला गेले तर?" मग करून दाखवलं. मधली कड हनुवटीखाली दाबून धरायची, हात मोकळे होतात, दोन्ही टोकं जुळवून खाली सोडायची. हनुवटी दाबलेली असली की बोलता येत नाही, त्यामुळे नुसती डोळ्यांनी सांगत होती. मी चिडवलं, "चला, तुला गप्प करायची युक्ती सापडली." दोनदा करून दाखवलं आणि धाप लागली म्हणून बसली.

माझ्याने काही जमली नाही. चादर सुटून पायात गोळा झाली. ही हसली नाही. "पुन्हा," म्हणाली.

८ मार्च

मेहुणी आली होती. हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा येते. मी ऑफिसात असताना दोघी कुठे कुठे जातात, बाजाराला म्हणे, पण पिशव्या रिकाम्याच परततात. मी म्हटलं, "काय, दुकानं नुसती बघून येता वाटतं?" मेहुणी एरवी माझी एक मस्करी उधार ठेवत नाही. आज म्हणाली, "हो भाऊजी," आणि आत गेली.

हिने आपले कपडे उसवून आत घेतले आहेत. शिलाई जुनी झाली होती म्हणाली. चांगल्या साड्या मेहुणीला दिल्या. मी म्हटलं, तू काय नेसशील? "मला आता हलकंच बरं वाटतं."

बायकांचं बायकांना माहीत.

१५ मार्च

निरोपाची घडी नऊ मिनिटांवरून सातवर आणली. कात्री म्हणते, अजून जड. मी म्हणतो, जड असायलाच हवी. आम्ही एकमेकांशी अगदी सभ्यपणे बोलतो. ते भांडणापेक्षा वाईट असतं.

पहारेकऱ्याला एक जांभई लिहिली. तेवढंच काम आज मनासारखं झालं.

२३ मार्च

ही स्वयंपाकघरात पडली. मी देवापुढे होतो, रेडिओवर कुणीतरी गात होतं, त्यात मला पडल्याचं ऐकू आलं नाही. गाणं संपून बातम्या लागल्या तरी ही चहाला हाक मारीना म्हणून उठलो. ओट्याखाली कुशीवर होती. तोंडाजवळ रक्त.

मेहुणीला फोन केला होता, ती आमच्या आधी हॉस्पिटलात पोचली होती. कुठल्या मजल्यावर जायचं ते तिला विचारावं लागलं नाही.

२४ मार्च

डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हाला कल्पना असेलच." मी म्हणालो, नाही. त्यांनी मेहुणीकडे पाहिलं. मग सांगितलं. पोटात गाठ आहे. गेल्या पावसाळ्यापासून. आता सगळीकडे. औषधं घेऊन घेऊन ओकाऱ्या व्हायच्या, ते आता थांबवलंय. आता नुसतं दुखू द्यायचं नाही, एवढंच.

सकाळचा नळ.

ह्याहून जास्त आज लिहवत नाही.

२६ मार्च

बाहेरच्या बाकावर मेहुणीला विचारलं, मला का नाही सांगितलं? आवाज चढला होता माझा. ती शांतपणे म्हणाली, "मी शंभरदा म्हटलं तिला, भाऊजींना सांग. ती म्हणायची, सांगितलं तर माझ्यासमोर हाताची घडी घालून बसतील. रात्रंदिवस बघत बसतील. मला ते बघवायचं नाही. त्यापेक्षा भात शिकवते."

नर्स औषध द्यायला आत गेली म्हणून दार उघडं होतं. आत ही झोपली होती. मी उभा होतो आणि मी पाहिलं तर माझ्या हातांची घडीच होती. सोडवली. मग हातांचं काय करायचं ते कळेना.

३० मार्च

देवाकडे काय मागायचं? बरी कर म्हणावं तर डॉक्टरांनी सगळं सांगितलंय. सोडव म्हणावं तर जीभ उचलत नाही. आज नुसतं म्हटलं, मी इथे आहे. देवाला म्हटलं की हिला, माझं मलाच कळलं नाही.

दिवसभर पाय चेपतो. ओठ ओल्या कापसाने पुसतो. नर्सने दाखवलं, एकदाच. जमतं.

कात्री भेटायला आली होती. ही जागी होती. म्हणाली, "तूच का ती कात्री? ह्यांची ती बाई फार बोलते गं. काप थोडं." कात्री हसली आणि जिन्यात जाऊन रडली.

२ एप्रिल

मनात बोलायचं बरंच साठलंय. नऊ मिनिटांहून जास्त. आज शुद्धीवर होती तेव्हा सुरुवात केली, "अगं, मी तुझ्यावर नळासाठी ओरडलो—"

तिने डोळे मिटले, मान किंचित हलवली.

"उशी," म्हणाली.

मी उशी उलटी करून थंड बाजू वर केली. मानेखाली हात घालून डोकं टेकवलं. चेहरा जरा सुटला. तेवढंच. पुढे बोललो नाही.

४ एप्रिल

सकाळी गेली. माझा हात पायांवर होता. आधी वाटलं, नेहमीसारखेच गार आहेत.

१६ एप्रिल

कामावर गेलो. घरी राहून काय करायचं? मालक म्हणाले, मुदतीचं मनावर घेऊ नका, तुमचा प्रसंग आहे तसा ठेवू. कात्रीनेही मान डोलवली. म्हणजे मी जिंकलो. दोन महिन्यांपूर्वी पेढे वाटले असते.

मी म्हणालो, "काढा तो."

कात्री म्हणाली, "मास्तर, आत्ता नको. नंतर बोलू."

"आत्ताच. लिहून घ्या."

मग सांगितलं. धोबी शेवटच्या दालनात येतो. पहारेकरी नाही, कुणी नाही. लांबून पाण्याचा आवाज येतो. खेळणाऱ्याला एव्हाना कळलेलंच आहे, नळ वाहतोय म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय. तो आवाजाच्या मागे कोठडीपर्यंत जातो. बहीण भिंतीला टेकून, कोपऱ्यात नळ धो धो चालू. संवाद नाही. घडी नाही. सगळी बटणं चालू ठेवायची. खेळणारा हवं तर उभा राहील, हवं तर परत जाईल, हवं तेवढा वेळ घेईल. आणि कधीतरी तो स्वतः जाऊन नळ बंद करील. बंद केला की तिचा श्वास ऐकू येईल. आधी तो पाण्याखाली दडला होता.

"मग?" कात्रीने विचारलं.

"मग तिला पाणी पाजता येईल. पाय चेपता येतील. डोक्याखाली काही देता येईल. करील तेवढं."

"आणि नळ बंदच केला नाही कुणी तर?"

"तर नाही," मी म्हणालो. "तसेही असतात."

कात्रीने लिहून घेतलं. एक अक्षर कापलं नाही.

१८ एप्रिल

आता सकाळी देवापुढे बसलो की घरात शांतता असते. नळ नाही, रेडिओ नाही. ह्याच शांततेसाठी मी ओरडत होतो. बसवलं नाही. उठून बाथरूममधला नळ थोडा वेळ सोडून ठेवला, मग येऊन बसलो.

२० एप्रिल

सुट्टी. भात केला. पहिलं पेर बुडेल एवढं पाणी. दोन माणसांचा झाला, एकट्याचं माप तेवढं हिने शिकवलं नाही.

वाळत घातलेली मोठी चादर दुपारी काढली. उगाच आधी दोन टोकं हातात धरून उभा राहिलो, समोरून कुणी धरेल असा. मग मधली कड हनुवटीखाली घेतली. पहिल्यांदा सुटली, पायात गोळा झाली. पुन्हा घेतली. घट्ट दाबली. हात मोकळे झाले, टोकं शोधली, जुळवली.

हनुवटी दाबून धरली की तोंड उघडता येत नाही. बोलताही येत नाही आणि रडताही येत नाही, कड सुटते. घडी पुरी होईपर्यंत थांबावं लागतं.

घडी पुरी झाली. कोपऱ्याला कोपरा लागला होता.